काहिलीतला रस

एकदा एका म्हाताऱ्या गुळव्यानं भर गुऱ्हाळात, पंधरा-वीस माणसांसमोर, छातीवर थाप मारून सांगितलं, "बेचाळीस वर्सं काहील राखतोय. माझ्या हातनं आजवर एक काहील बिघडली न्हाई!"

लोकांनी आदरानं माना डोलावल्या. म्हाताऱ्याला तो आदर काही सोसवेना. त्यानं डोळा मिचकावला आणि म्हणाला, "बिघडल्या त्या समद्या तुमी यायच्या आत वढ्यात वतल्या. आमच्या वढ्यातली मासळी गोड लागती, ती काय उगंच?"

हा म्हातारा म्हणजे आप्पा. उसाचा रस उकळून गूळ करणारा जो जाणता, त्याला गुळव्या म्हणतात, आणि आप्पाएवढा जाणता गुळव्या नदीच्या अल्याड-पल्याड दुसरा नव्हता. शिक्षण तिसरीपर्यंत. तेही त्याच्या म्हणण्याप्रमाणे मास्तरांना त्याच्या बापाचा गूळ आवडायचा म्हणून झालं, अक्षराची त्यात काही चूक नव्हती. पण फेसाचा रंग कधी पालटला, बुडबुड्याचा आवाज कधी जड झाला, हे त्याला काहिलीकडे, म्हणजे रस उकळायच्या त्या मोठ्या कढईकडे, पाठ करून बसलं तरी कळत असे.

त्याचा शिष्य केरबा. वय तीस, दहावी पास, आप्पाच्या हाताखाली पाच हंगाम झालेले. विद्या सगळी प्राप्त झाली होती. रस साफ करायला रानभेंडीचं पाणी किती घालायचं, वर आलेली मळी कधी काढायची, काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडं कधी कमी करायची, सगळं त्याच्या बोटांवर होतं. एकच सिद्धी तेवढी राहिली होती. केरबाला एका जागी उभं राहता येत नव्हतं.

कुणी हाक मारली, की त्याचे पाय त्याला न विचारताच चालू लागत. आणि हाका काय थोड्या? गुऱ्हाळाच्या बाजूनंच बाजाराची वाट. "केरबा, एक मिनिट, हा कागद वाच की." "केरबा, एक मिनिट, ह्या मोबाईलातनं आवाज का येईना बघ." खिशातला त्याचा स्वतःचा मोबाईल वेगळाच गुरगुरायचा. कबड्डी मंडळाच्या गटाचा प्रमुख तोच, त्यामुळे कुणी सकाळी सुप्रभात घातलं तरी यानं उत्तर द्यायचं. चित्त काहिलीत, कान वाटेवर, हात खिशात. हंगामभर तो असा तीन ठिकाणी वाटलेला असे, आणि एकाही ठिकाणी पुरता पोचत नसे. (तुम्ही हसू नका. एवढं वाचेपर्यंत तुम्हीही दोनदा आपल्या मोबाईलकडं बघून आलात. असू द्या. गोष्ट कुठं पळत नाही.)

आता गुळाचं असं असतं, की अडीच-तीन तास रस उकळतो तेव्हा माणूस थोडा इकडं-तिकडं झाला तरी तो रागावत नाही. पण शेवटची पंधरा-वीस मिनिटं म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई. नजर हटली की बिघडलं. चटका दोन मिनिटं कमी पडला तर ढेप बसत नाही, दोन मिनिटं जास्त झाला तर गूळ काळा. आणि केरबाला नेमकी तेव्हाच हाक यायची.

एका सोमवारी गोळी होत आलेली. म्हणजे पाण्यात सोडलेला पाक बोटात धरता येऊ लागला होता. तेवढ्यात नाना पिसाळ आपला नवा बैल घेऊन वाटेवर उभा. "केरबा, एक मिनिट, बैलाचा फोटू काढ. पावण्यास्नी धाडायचाय." केरबा गेला. बैल काही केल्या इकडं बघेना. नानानं शीळ घातली, केरबानं टाळी वाजवली, एकानं पेंडी दाखवली. बैलानं शेवटी बघितलं, फोटो झकास आला, आणि केरबा माघारी पळत आला तर गूळ तव्याच्या बुडासारखा झालेला.

आप्पा रागावला नाही. त्यानं तो काळा गूळ बोटावर घेतला, चाखला आणि विचारलं, "बैल कसा आला?"

ह्या प्रश्नानं केरबा दोन दिवस जेवला नाही नीट.

कारण आता वेळ थोडा उरला होता. नदीपलीकडच्या रंगरावांचा गुळव्या म्हातारपणी लेकीकडं राहायला निघून गेला होता, आणि रंगरावांना नवा माणूस हवा होता. आप्पानं केरबाचं नाव सांगितलं. रंगराव म्हणाले, गुरुवारी दुपारी येतो, पोराची काहील बघतो, मग सांगतो. पसंत पडली तर केरबा पलीकडच्या मोठ्या गुऱ्हाळाचा गुळव्या. नाही पडली तर सहावा हंगामही आप्पाच्या मागं झारा घेऊन. केरबाची बायको शालन एवढंच म्हणाली होती, "पाच वर्सं झाली. तुमचं नाव विचारलं तर लोक अजून आप्पाचा केरबा म्हणत्यात." म्हणाली आणि भाकरी थापू लागली. ती जर भांडली असती तर केरबाला बरं वाटलं असतं.

बुधवार उजाडला. गावचा बाजार. वाट माणसांनी फुललेली. आप्पा म्हणाला, "आजची काहील मी राखतो. तू फकस्त बघ."

रस चढला, मळी निघाली, फेस पिवळा झाला. केरबा बघत होता, म्हणजे तीन वेळा वाटेवर जाऊन आला होता. चौथ्यांदा येतो तर काय! आप्पा काहिलीच्या काठाशी उभा राहून लांब दांड्याच्या बादलीनं उकळता रस उपसतोय, आणि वाटेवरच्या माणसांना हाका मारून बोलावतोय. "या, या! डबा आणा! कळशी आणा! घरला घिऊन जावा!"

गुऱ्हाळाची रीत सगळ्यांना ठाऊक असते. दारात आलेला माणूस कोरड्या तोंडानं माघारी जात नाही. पण रीत आहे ती थंड रसाची. घाण्याखाली टाकी असते, तीत ताजा रस साठतो, त्यातला पेला द्यायचा. काहिलीतला कुणी कधी देत नाही. लोक चक्रावले, पण फुकट मिळतंय म्हटल्यावर चक्रावलेला माणूससुद्धा डबा पुढं करतोच. एका बाईनं फुंकर घालून बोट बुडवलं आणि चाखून थुंकली. "हे काय वो आप्पा? ना रस, ना काकवी. तोंड पोळलं माझं!"

"घ्या घ्या, मावशी," आप्पा म्हणाला. "आमचा माणूस पाच वर्सं हेच वाटतोय, कुणी तक्रार केली न्हाई."

केरबा धावला. "आप्पा! काय करताय? काहिलीतलं वाटताय?"

"एक मिनिट," आप्पा म्हणाला आणि अजून एक बादली उपसली.

"आवं, खाली आग हाय! रस कमी झाला तर..."

"एक मिनिट!" अजून एक बादली.

बघता बघता काहिलीत बोटभर रस राहिला. खाली चुलवण धगधगलेलं. चिपाडं घालणारा यमाप्पा आ वासून उभा, हातातली पेंडी हातातच. आधी कडेनं धूर आला, मग मधून. मग आख्ख्या गुऱ्हाळात असा करपट वास सुटला, की बाजाराला निघालेली माणसं नाकाला पदर आणि टॉवेल लावून पळाली. जे डबे भरून घेऊन गेले होते, त्यांनी ते पुढच्या वळणावर ओतून दिले. घेणाऱ्याचंही गेलं, देणाऱ्याचंही गेलं.

आप्पानं बादली खाली ठेवली, पटका सोडून तोंड पुसलं आणि अगदी प्रसन्न चेहऱ्यानं उसाच्या मोळीवर बसला. एवढ्या उसाचा रस जळाला तरी त्याला काही वाटलं नाही, असं नव्हे. वाटलं होतं. त्याच्या मानेची शीर उडत होती. पण खोडी काढताना किंमत मोजायला तो कधी मागं हटला नव्हता.

"बस," तो म्हणाला. केरबा बसला नाही. येरझाऱ्या घालू लागला.

"मग उभ्यानं ऐक. टाकीतला रस आपण देतो. काहिलीतला का देत न्हाई?"

"त्याला आग लागलेली असती म्हणून."

"बरुबर. तो आता रस उरल्याला न्हाई आणि गूळ झाल्याला न्हाई. माणसाच्या दिवसाचं असंच हाय, लेका. दिवसातला काही येळ टाकीत असतो. तो वाट. कागद वाच, फोटू काढ, चार पेले जास्त वाट, तुझ्या हातनं पुण्य घडंल. पण काही येळ चुलवणावर चढल्याला असतो. त्यातला पेला भाईर काढलास, की घेणाऱ्याचं तोंड पोळतं आणि मागचं करपतं. तुला वाटतं एकच मिनिट दिलं. टाकीतलं असतं तर एकच गेलं असतं. काहिलीतलं एक मिनिट आख्खी काहील घिऊन जातं."

केरबा थांबला. "माणसं नाव ठेवतील, आप्पा. म्हणतील, केरबाला गर्व झाला."

"माणसं चांगली हायत. त्यास्नी काय ठावं तुझी चूल कधी पेटली? बाजारच्या वाटंवरनं धूर दिसतो, पाक दिसत न्हाई. ते तुलाच ठावं पायजे, आणि तुलाच सांगाय पायजे."

"मग मी का जातो? मला कळत न्हाई असं न्हाई. कळतं, तरी जातो."

आप्पा हसला. ह्या हसण्याला सारा गाव भ्यायचा, कारण त्यामागून हटकून काही तरी झोंबणारं यायचं.

"सांगू? तू त्यांचं काम कराय जात न्हाईस. तू तुझं नाव ऐकाय जातोस. काहील काय तुला हाक मारत न्हाई. ती मुकी. ती म्हणत न्हाई, केरबा, तुझ्याबिगर माझं अडलंय. बैलवाला म्हणतो."

केरबाचे कान लाल झाले. उलट बोलायला त्याच्या तोंडाशी चार वाक्यं आली, चारही खोटी होती. तो तसाच घरी गेला. त्याला आप्पाचा राग आला होता, नाना पिसाळाचा आला होता, बैलाचासुद्धा आला होता, आणि सगळे राग फिरून पुन्हा त्याच्याच दाराशी येऊन बसत होते.

गुरुवार. सकाळी केरबा टाकीजवळ उभा राहिला आणि येईल त्याला पेला भरभरून रस देऊ लागला. दोन अर्ज लिहून दिले. एकाच्या मोबाईलातला आवाज परत आणला. प्रत्येकाला तो एकच सांगत होता, "आता काय ते सांगा. काहील चढली की दुपारपतुर मी बहिरा." लोक हसले. त्यांना वाटलं, आप्पाच्या संगतीनं हाही चेष्टा करायला शिकला. मग त्यानं स्वतःचा मोबाईल बंद करून यमाप्पाच्या जेवणाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

काहील चढली. पहिले दोन तास बरे गेले. नंतर मात्र केरबाच्या अंगात मुंग्या फिरू लागल्या. खिसा रिकामा, पण मांडीला उगाच गुरगुरल्याचा भास होई. वाटेवर कुणी हसलं की वाटे, आपल्यालाच हसलं. डावा पाय उजव्यावर, उजवा डाव्यावर. फेस पिवळा झाला. "केरबाऽ, एक मिनिट!" कुणी तरी ओरडलं. त्यानं झारा घट्ट धरला. पुन्हा हाक. पुन्हा. मग हाक मारणाराच म्हणाला, "नसंल तिथं," आणि निघून गेला. केरबाला आश्चर्य वाटलं. आपण गेलो नव्हतो, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. थोडं वाईटही वाटलं. हाक मारणाऱ्यानं इतक्या लवकर सोडून दिलं!

फेसाला तांबूस छटा आली. बुडबुडे जड झाले. आता फार तर दहा मिनिटं. आणि बाहेर जीप येऊन थांबली.

रंगराव ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आले होते. त्यांना पुढं कुणाच्या तरी साखरपुड्याला गाठायचं होतं. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, त्यामुळे आत धुरात यायची तयारी नाही. ते जीपमधूनच म्हणाले, "केरबा तूच का रे? ये बाहेर, एक मिनिट. दोन गोष्टी बोलू, मला निघायचंय."

केरबाच्या टाचा उचलल्या गेल्या. पाच वर्षांत त्याला आलेल्या हजार हाकांत हीच एक हाक खरोखर त्याच्या कामाची होती. त्यानं पाण्यात पाक सोडला, बोटानं धरला. गोळी अजून मऊ. काहिलीवरून नजर न काढता तो मोठ्यानं म्हणाला, "मालक, रस घ्या तवर. काहील उतरली की आलो."

"अरे, मी रस प्यायला आलो नाही!"

केरबा फेस ढवळत राहिला. रंगरावांच्या भुवया वर चढल्या. "गुळव्या मोठा दिसतो. आल्या माणसाला राम राम घालायची पद्धत नाही!"

आता आप्पा लगबगीनं केरबाच्या कानाशी आला. "आरं, तोंड तरी वळीव. रंगराव हाय तो. बैलवाला न्हवं."

आप्पाच्या आवाजात नेहमीची खोडी होती की खरीच भीती, केरबाला कळेना. तोंडाकडं बघितलं असतं तर कळलं असतं, पण बघायला सवड नव्हती. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. इकडं काहिलीत बुडबुडे फुटू लागले, फट्, फट्, आणि त्या घरघरीत केरबाला ते फुटणं नीट ऐकूही येईना. शालन भाकरी थापतेय, एवढंच क्षणभर डोळ्यांपुढं आलं आणि गेलं. त्यानं पुन्हा पाक सोडला. बोटानं धरला. गोळी काठावर आपटली. टण्ण.

"उचला!"

चौघांनी काहील उचलून गूळ निववायच्या वाफ्यात ओतली. सोनेरी, दाट, एकजीव गूळ पसरत गेला, आणि त्याचा वास उठला. तो वास भिंत, कूड, इस्त्री काही मानत नाही. तो थेट वाटेवर गेला.

जीपचा आवाज बंद पडला.

रंगराव टोपी सावरत धुरातून आत आले. कपड्यांवर राख उडाली, ती त्यांनी झटकली नाही. वाफ्याच्या कडेचा गूळ त्यांनी बोटावर घेतला, ताणून बघितला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग उघडले ते रागानंच. गूळ आवडला म्हणून राग सोडतील ते रंगराव कसले.

केरबा टाकीतून भरलेला पेला घेऊन समोर उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला. "राम राम, मालक. आता बोला. पुढची काहील चढेपतुर मी तुमचाच."

"माझ्या गुऱ्हाळातसुद्धा असाच वागणार?"

"व्हय."

"माझ्याशीही?"

"व्हय, मालक. हाक तुमचीच जास्त येणार."

रंगरावांनी आप्पाकडं बघितलं. आप्पा आढ्याकडं बघू लागला, जणू ह्या पोराला त्यानं आजच पहिल्यांदा पाहिलं. रंगरावांनी पेला एका दमात रिकामा केला, केरबाच्या हातात परत दिला आणि "सोमवारी ये, बायकोपोरांचं बिऱ्हाड घेऊन," एवढं बोलून जीपकडं गेले.

गुऱ्हाळात एकच गलका उठला. यमाप्पानं पेंडी हवेत उडवली. केरबानं एकदा, फक्त एकदा, डोळे पुसले आणि दुसऱ्या काहिलीखाली चूल पेटवायला सांगितली. रस आधीच सोडलेला होता; बघता बघता त्यावर फेस धरला.

आप्पाला मात्र आता राहवेना. बेचाळीस वर्षांत त्यानं अनेकांच्या खोड्या काढल्या होत्या, पण एवढी यशस्वी झालेली खोडी ही पहिलीच. तो काहिलीच्या काठाशी उभा राहिला, पटका नीट बांधला, घसा खाकरला आणि जमलेल्या सगळ्यांना हात करून म्हणाला, "मंडळी, जरा हिकडं या. आता ह्यातनं काय घ्यायचं, ते मी तुमास्नी बैजवार सांगतो. मनुष्यानं आपल्या काळाचं मोल वळखावं. कसं वळखावं? तर त्याचे तीन परकार. पयला परकार असा, की..."

केरबानं झारा उचलला. "आप्पा, तिन्ही परकार सांजच्याला सांगा. आता तेवढं बाजूला सरका, तुमची सावली फेसावर पडतीया."